श्रमदानातून परवडणारे आणि टिकाऊ घर कसे बांधावे

स्वयंसेवकांच्या श्रमातून घर बांधायचे ठरले की पहिल्या काही बैठका जागा आणि निधी यांतच जातात, आणि पर्यावरणाचा विषय निघालाच तर छपरावर सौर पॅनेल बसवायचे की नाही, एवढ्यावर येऊन तो थांबतो. वास्तविक अशा बांधकामाचे अर्थकारणच टिकाऊ, म्हणजे निसर्गावर कमी भार टाकणाऱ्या, पद्धतींना अनुकूल असते, आणि ही गोष्ट आराखडा कागदावर उतरण्यापूर्वीच ओळखली पाहिजे. ठेकेदाराच्या कामात मजुरी महाग आणि मुदत कडक असते, म्हणून तेथे सिमेंट, पोलाद आणि इंधन सढळ हाताने वापरून माणसांचे श्रम वाचवले जातात. श्रमदानात हे गणित उलटे होते. तेथे हात पुष्कळ असतात आणि चिकाटीही असते. तुटवडा असतो तो पैशाचा, मालाचा आणि मुरलेल्या कसबाचा. म्हणून ज्या पद्धतीत श्रम जास्त, माल कमी आणि कसब बेताचे लागते ती पद्धत निवडावी, हे मी या कामातले मुख्य सूत्र मानतो. पुढच्या बहुतेक सूचना त्यातूनच निघाल्या आहेत.

दुसरी कसोटी राहायला येणाऱ्या कुटुंबाची आहे. घर बांधताना स्वस्त पडले, पण पुढे ते उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गारठते, भिंतींना ओल धरते आणि विजेच्या बिलाने महिन्याचा खर्च कोलमडतो, तर त्या घराला परवडणारे म्हणता येत नाही. बिघाड झाल्यावर दूरचा तंत्रज्ञ बोलवावा लागेल आणि सुटा भाग महिनाभर मिळणार नाही, अशी यंत्रणा अल्प उत्पन्नाच्या घरात बसवणे म्हणजे त्या कुटुंबावर बोजा टाकणे होय. १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेने, घर मिळणाऱ्या कुटुंबाने स्वतःच्या आणि इतरांच्या घरांवर ठरावीक तास काम करावे, अशी पद्धत रूढ केली. या पद्धतीचा मला दिसणारा सर्वांत मोठा लाभ असा की भिंतीच्या पोटात काय आहे, नळ कोठून गेला आहे आणि छपराचा पत्रा कसा उघडतो, हे त्या घरात राहणाऱ्याला ठाऊक असते. काम कोणत्याही संस्थेमार्फत होत असो, कुटुंबाला पहिल्या दिवसापासून कामात घ्यावे.

कोणते काम कोणाच्या हाती

आराखड्याबरोबरच कामांची यादी करून तिचे दोन भाग करावेत. पायातील आणि स्लॅबमधील सळया बांधणे, सेंट्रिंग, भिंतींचे कोपरे उभारणे, वीजजोडणी, नळजोडणी आणि उंचीवरचे छपराचे काम ही कामे अनुभवी गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांच्याकडेच असावीत. त्यांची मजुरी वाचवण्याचा मोह धरू नये. माती चाळणे, ब्लॉक दाबणे, जुन्या विटा साफ करणे, दोन कोपऱ्यांमधली भिंत दोरीच्या आधाराने भरत जाणे, दर्जा (विटांमधले सांधे) भरणे, फटी बुजवणे, उष्णतारोधक थर बसवणे, पाणी मारणे आणि रंग देणे ही कामे नवख्या हातांना थोड्या सरावाने नीट जमतात. फटी बुजवणे आणि पाणी मारणे ही कामे ठेक्याच्या बांधकामात सर्वाधिक हेळसांडीची ठरतात, कारण ती कंटाळवाणी असतात आणि पूर्ण झाल्यावर नजरेत भरत नाहीत. श्रमदानाच्या साइटवर मात्र हीच कामे मन लावून करून घेता येतात, आणि घराची मजबुती व सुखसोय पुष्कळ अंशी त्यांवर अवलंबून असते.

पाच-सहा नवख्यांमागे एक जाणकार असावा आणि दिवसभर तो त्यांच्याबरोबरच असावा. गट रोज बदलत असेल तर भिंतीचा, खिडकीचा आणि छपराच्या वळचणीचा प्रत्येकी एक नमुना साइटच्या एका कोपऱ्यात आधीच बांधून ठेवावा. तोंडी सूचना दुपारपर्यंत निम्म्या विसरल्या जातात, पण नमुन्यावर हात फिरवून पाहिलेला माणूस आपले काम कसे दिसायला हवे हे विसरत नाही.

आराखडा

घर टिकाऊ करण्याचा सर्वांत स्वस्त टप्पा कागदावरचा असतो, कारण तेथे दिशा बदलायला सिमेंट लागत नाही. शक्य असेल तेथे घराच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिण दिशांना ठेवाव्यात. उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या उत्तरेस, दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, उन्हाळ्यात उंच आणि हिवाळ्यात खाली. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरचा योग्य मापाचा छज्जा उन्हाळ्यात सावली धरतो आणि हिवाळ्यात ऊन आत येऊ देतो. दक्षिण गोलार्धात हेच उत्तर बाजूला लागू होते, आणि विषुववृत्ताजवळ दोन्ही बाजूंना छज्जे लागतात. पूर्व आणि पश्चिम या दिशांना सूर्य इतका खाली असतो की आडव्या छज्ज्याचा फारसा उपयोग होत नाही. तेथे खिडक्या लहान ठेवाव्यात आणि व्हरांडा, उभ्या पट्ट्या किंवा झाडे यांनी ऊन अडवावे. उष्ण प्रदेशात पश्चिमेची मोठी खिडकी ही चूक पुढे कोणत्याही पंख्याने भरून निघत नाही.

प्रत्येक खोलीला समोरासमोरच्या किंवा निदान लगतच्या दोन भिंतींत उघडझाप करता येणाऱ्या खिडक्या असाव्यात. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा दारापर्यंत येतो, पण आत खेळत नाही.

यानंतर मापे. भिंतीची लांबी, खिडक्यांची रुंदी आणि दोन खिडक्यांमधले अंतर ही सर्व मापे निवडलेल्या विटेच्या किंवा ब्लॉकच्या अर्ध्या लांबीच्या पटीत बसवावीत, आणि छपराची मापे बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या किंवा फळीच्या लांबीत बसवावीत. हे न केल्यास प्रत्येक थरात वीट तोडावी लागते, आणि नवख्या हाताने एक वीट नीट तोडण्याच्या प्रयत्नात तीन वाया जातात. साइटवरच्या कचऱ्याचा मोठा भाग असा आराखड्यातच जन्माला आलेला असतो.

घर लहान ठेवायला संकोच करू नये, पण पुढे वाढवण्याची सोय आजच ठेवावी. चिलीतील इकीके शहरात २००४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या किंता मोनरोय वसाहतीत वास्तुरचनाकार अलेहान्द्रो आरावेना आणि त्यांच्या ‘एलेमेंताल’ या गटाने जवळपास शंभर कुटुंबांसाठी अर्धी घरे बांधून दिली. सांगाडा, जिना, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर अशी अवघड व खर्चिक अंगे आधी उभारली, आणि शेजारची मोकळी जागा कुटुंबांनी सवडीने भरून घेतली. यातून घेण्यासारखा धडा असा की पुढच्या खोलीचे दार जेथे येणार तेथे लिंटेल (दारावरची आडवी तुळई) आजच टाकून त्याखालची भिंत नंतर काढता येईल अशी भरावी, आणि पाया वाढीव भार पेलेल का हे अभियंत्याला आजच विचारावे.

पाया आणि ओल

पाया आणि सांगाडा यांचा आराखडा पात्र स्थापत्य अभियंत्याने जमीन पाहून, त्या भागातील भूकंप, वादळ आणि पूर यांचा विचार करून सही केलेला असावा. श्रमदान आहे म्हणून या बाबतीत सवलत घेता येत नाही.

खोदकामापूर्वी वरची सुपीक माती वेगळी काढून झाकून ठेवावी, म्हणजे घर झाल्यावर ती अंगणात परत पसरता येते. ही माती भरावासाठी किंवा ब्लॉकसाठी वापरू नये. तिच्यातील पालापाचोळा कुजतो आणि पोकळी राहते. जेथे दगड सहज मिळतो आणि जमीन भक्कम आहे, तेथे अभियंत्याच्या संमतीने दगडी बांधकामाचा पाया घ्यावा; काँक्रीट फक्त खालच्या थरात आणि वरच्या बांधणीपट्ट्यात लागते. ओल ही स्वस्त घराची सर्वांत जुनी शत्रू आहे, आणि तिच्याविरुद्धचे सगळे उपाय या टप्प्यावर अगदी थोडक्यात होतात: जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पुरेसे उंच घ्यावे, जोत्यावर ओल अडवणारा अखंड थर घालावा, आणि घराभोवतीच्या जमिनीला घरापासून दूर जाणारा उतार द्यावा. हा थर एका जागी जरी तुटला तरी ओल नेमकी तेथूनच वर चढते, म्हणून भिंत सुरू करण्याआधी दोघांनी मिळून तो संपूर्ण फिरून तपासावा.

भिंती: सर्वाधिक विचार येथे करावा

जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटच्या निर्मितीचा आहे. भट्टीचे तापमान सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत न्यावे लागते हे त्याचे एक कारण. मोठे कारण असे की चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग भट्टीचे इंधन कोणतेही असो. म्हणून जेथे सिमेंटची गरज नाही तेथे ते न वापरणे, आणि जेथे आहे तेथे कमी वापरून त्याची पूर्ण ताकद मिळवणे, असे दोन्ही बाजूंनी काम करावे लागते.

श्रमदानासाठी मला सर्वांत योग्य वाटणारे साहित्य म्हणजे हातयंत्रावर दाबलेले मातीचे ब्लॉक. त्यांत साधारण ५ टक्के सिमेंट पुरते, भट्टी लागत नाही, आणि माती बहुधा साइटवरचीच किंवा जवळची असते. मात्र प्रत्येक माती चालत नाही. अंदाजे निम्मी वाळू, पाचवा हिस्सा चिकणमाती आणि बाकी गाळ व बारीक खडी असलेली माती चांगली ठरते. ओली झाल्यावर फुगणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी काळी माती टाळावी, किंवा जाणकाराच्या सल्ल्याने चुना मिसळून प्रयोगानंतरच वापरावी. पहिली चाचणी बरणीत होते. काचेची सरळ बरणी एक तृतीयांश मातीने आणि बाकी पाण्याने भरून, चिमूटभर मीठ घालून जोरात हलवावी व सपाट जागी ठेवावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ तासाभरात तिच्यावर बसतो, आणि चिकणमातीला दिवसभर लागू शकतो. थरांची जाडी पट्टीने मोजली की प्रमाणाचा अंदाज येतो. ही माहिती निवडीपुरती आहे. ब्लॉकची खरी ताकद प्रयोगशाळेतच तपासून घ्यावी.

मिश्रणात पाणी किती घालावे, याची चाचणी तर प्रत्येक स्वयंसेवकाला शिकवावी. कालवलेली माती मुठीत दाबून गोळा करावा आणि खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाकावा. गोळा तीन-चार तुकड्यांत फुटला तर ओलावा बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी. नुसताच चपटा झाला तर पाणी जास्त. तयार ब्लॉक सावलीत रचून, झाकून सुमारे चार आठवडे ओलसर ठेवावे लागतात. या चार आठवड्यांचा हिशेब वेळापत्रकात धरला नाही की कच्चे ब्लॉक भिंतीत चढतात, आणि पहिल्या पावसात त्यांच्या कडा झडू लागतात. म्हणून ब्लॉक दाबण्याची शिबिरे बांधकामाच्या निदान दोन महिने आधी घ्यावीत. रुंद वळचण आणि उंच जोते असल्याशिवाय मातीच्या ब्लॉकची भिंत उघडी ठेवू नये.

भाजलेल्या विटाच घ्यावयाच्या असतील तर रॅट-ट्रॅप बाँडचा विचार करावा. वास्तुरचनाकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळमध्ये ही रचना मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली. तीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, साधारण पाव हिस्सा विटा वाचतात, सिमेंट-वाळूचा कालवलेला माल कमी लागतो, आणि पोकळीतील हवेमुळे उष्णता सावकाश आत येते. पहिला आणि शेवटचा थर, खिडकीच्या तळाचा थर आणि दारा-खिडक्यांच्या बाजू मात्र भरीवच बांधाव्यात. कोपऱ्यांतील पोकळीतून अभियंत्याने सांगितल्याप्रमाणे उभी सळई नेता येते. नवखे लोक बांधताना पोकळीत माल पाडतात आणि तो दोन्ही पदरांना जोडून ओलीला वाट करून देतो. उपाय साधा आहे: पोकळीच्या रुंदीएवढी फळी पोकळीवर आडवी धरावी, तिच्यावर सांडलेला माल उचलावा, मग फळी काढून पुढे सरकावे. या रचनेला गिलाव्याशिवायही रूप असते, पण त्यासाठी दर्जा नेटक्या भरलेल्या हव्यात.

पाडलेल्या इमारतींच्या विटा मिळत असतील तर त्या आधी घ्याव्यात. चुन्यात बांधलेल्या विटा सहज सुट्या होतात. सिमेंटमधल्या विटांना चिकटलेला माल काढताना वीटच फुटते. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला आणि नखाने ओरखडा उठला नाही, तर वीट घेण्यास हरकत नाही.

सिमेंट जेथे वापरायचे तेथे शक्यतो फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळी) मिसळलेले सिमेंट घ्यावे. त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघणारा सिमेंटचा मूळ घटक, कमी असते, पण ते सुरुवातीला सावकाश घट्ट होते, त्यामुळे त्याला किमान १० दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवस पाणी मारत राहावे. भिजवलेली गोणपाटे अंथरून ती ओली ठेवणे हे दिवसातून दोनदा पाइप फिरवण्यापेक्षा कितीतरी चांगले, आणि पाणीही कमी लागते. विटा मालावर ठेवण्यापूर्वी भिजवून घ्याव्यात, कारण कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि माल घट्ट न होता नुसताच सुकतो.

अचूकता माणसाऐवजी साधनात ठेवावी

नवख्या माणसाकडून अचूकतेची अपेक्षा करण्यापेक्षा अचूकता साधनात बसवावी. दोन साधने मी प्रत्येक साइटवर आवर्जून ठेवावीत असे सुचवतो.

पहिले साधन मापाची पेटी. ५० किलो सिमेंटची गोणी सुमारे ३५ लिटर भरते. आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल अशी तळाची लाकडी पेटी बनवली की तिचे माप नेमके ३५ लिटर होते. मग एकास सहा प्रमाणाचा माल म्हणजे एक गोणी आणि काठोकाठ सपाट केलेल्या सहा पेट्या वाळू, यात गोंधळाला जागाच राहत नाही. घमेल्याने मोजले तर प्रत्येकाचे घमेले वेगळे भरते, आणि भीतीपोटी सिमेंट नेहमी जास्तच पडते. ओलसर बारीक वाळू फुगते आणि तिचे आकारमान पाव हिश्शानेही वाढू शकते, हे लक्षात घेऊन वाळू ओली असेल तेव्हा पेट्यांची संख्या मुख्य गवंड्याने ठरवून फळ्यावर लिहावी. पाणीही डब्यानेच मोजावे: काँक्रीटसाठी पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ ठरले असेल तर एका गोणीला २५ लिटर, त्याहून थेंबभरही जास्त नाही. पातळ काँक्रीट ओतायला सोपे वाटते, पण जास्तीचे पाणी उडून गेल्यावर मागे सूक्ष्म पोकळ्या उरतात आणि ताकद घटते. कालवलेला माल थोडा थोडा करावा व तासाभरात संपवावा. आवळत चाललेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी.

दुसरे साधन खुणांची पट्टी. भिंतीच्या उंचीएवढ्या सरळ लाकडी पट्टीवर प्रत्येक थराची, खिडकीच्या तळाची आणि लिंटेलची खूण रंगवावी. ही पट्टी कोपऱ्यात उभी धरली की थर वर गेला की खाली राहिला हे कोणालाही कळते, आणि संध्याकाळी भिंत पाडण्याची पाळी येत नाही. ओळंबा, गुण्या आणि पाण्याची नळी ही नेहमीची साधने आहेतच.

छप्पर

उष्ण प्रदेशात दिवसभरात सर्वाधिक ऊन छपरावर पडते, त्यामुळे थोडेच पैसे उरले असतील तर ते छपरावर खर्च करावेत. छताखाली उष्णतारोधक थर आणि वर पांढरा परावर्तक लेप ही जोडी पुष्कळ काम करते. नवा, स्वच्छ पांढरा लेप पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ७० ते ८० टक्के भाग परत फेकतो. धूळ बसली की हे प्रमाण घटते, म्हणून तो धुण्याची आणि काही वर्षांनी पुन्हा देण्याची सूचना कुटुंबाला लिहून द्यावी.

सपाट स्लॅब अटळ असेल तर फिलर स्लॅबबद्दल अभियंत्याशी बोलावे. स्लॅब वाकताना तिच्या खालच्या भागात ताण येतो आणि तो सळया घेतात. त्या भागातल्या काँक्रीटचा ताकदीला फारसा उपयोग नसतो, म्हणून सळयांच्या जाळ्यात जुनी कौले मांडून काँक्रीट वाचवता येते. आधारांजवळचा पट्टा भरीव ठेवावा लागतो. कौले भिजवून ओळीत मांडणे हे काम स्वयंसेवक उत्तम करतात, पण सळयांचे अंतर आणि काँक्रीट ओतणे हे जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावे.

ॲस्बेस्टॉसचे पत्रे कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत.

थंड हवेत: फटी आणि उष्णतारोधन

थंड प्रदेशातील घरात उष्णतारोधक थर जाड असूनही घर गारठते, याचे कारण बहुधा फटी असतात. भिंत आणि जोते, भिंत आणि छत, खिडकीची चौकट आणि भिंत, तसेच वायर व पाइप जेथून भिंत ओलांडतात ती प्रत्येक जागा: या सांध्यांतून गरम हवा सतत बाहेर पडत राहते. एका गटाला फक्त हेच काम द्यावे, आराखड्यावर प्रत्येक सांधा रंगवून द्यावा, आणि बुजवलेल्या सांध्यावर खूण करून घ्यावी. वारा सुटलेल्या दिवशी दारे-खिडक्या लावून पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवली तर धूर जेथे वाकतो तेथे फट उरली आहे हे दिसते.

उष्णतारोधक लादी किंवा लोकर दाबून कोंबू नये. तिच्यात अडकलेली हवाच उष्णता अडवते. कोपऱ्यात किंवा वायरमागे राहिलेली छोटीशी पोकळीही त्या जागी गार पट्टा निर्माण करते, आणि तेथेच दव साचून बुरशी धरते. बाष्परोधक पडदा भिंतीच्या कोणत्या बाजूला लावायचा हे हवामानावर अवलंबून असते: थंड प्रदेशात तो आतल्या उबदार बाजूला येतो, उष्ण व दमट प्रदेशात तसाच आत लावला तर नुकसान होते. घर जितके घट्ट कराल तितकी स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर काढण्याची पक्की सोय आवश्यक होते. धूर किंवा वायू सोडणारी चूल अथवा हीटर असेल तर ही सोय जिवाशी निगडित आहे, म्हणून घराचा ताबा देण्यापूर्वी ती तपासलीच पाहिजे.

दान आलेला माल

श्रमदानाच्या कामांना माल दान मिळतो, आणि उपकाराच्या भावनेने तो नाकारला जात नाही. माझे मत स्पष्ट आहे की नाकारण्याचा अधिकार एका व्यक्तीला लेखी दिलेला असावा. दहा वेगवेगळ्या मापांच्या खिडक्या घेतल्या की दहा वेगळ्या चौकटी, दहा वेगळे सांधे आणि दहा गळक्या जागा येतात. मुदत संपलेला रंग आणि उघड्या गोणीतले सिमेंट घेऊ नये. जुन्या लाकडाचे स्वागत करावे, पण खिळे काढून व वाळवी तपासून. त्यावर जुना रंग असेल तर त्यात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

उरलेल्या तुकड्यांसाठी मापानुसार कप्पे करावेत आणि कापणारा माणूस एकच असावा, जो नवी फळी घेण्याआधी कप्प्यात पाहील. फुटक्या विटा फरशीखालच्या भरावात जातात. चुना विझवताना तो उकळून उडतो आणि ओले सिमेंट त्वचा भाजते, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे यांची सक्ती असावी.

पाणी आणि वीज

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४० चौरस मीटरचे छप्पर आणि वर्षाचा ८०० मिलिमीटर पाऊस असेल, तर गळती-बाष्पीभवन वजा जाता ८० टक्के धरून सुमारे २५,६०० लिटर पाणी हाती येते. पहिल्या पावसाचे मळके पाणी वेगळे सोडण्याची सोय, जाळी आणि घट्ट झाकण या तीन गोष्टी नसतील तर टाकी डासांचे घर बनते. साठवणे शक्य नसेल तर पन्हाळीचे पाणी पायापासून दूरच्या शोषखड्ड्यात सोडावे. नळांना हवा मिसळणाऱ्या जाळ्या आणि दुहेरी फ्लश हे खर्चाच्या मानाने फार उपयोगी पडतात.

सौर पॅनेल आज परवडत नसले तरी छपरापासून मीटरपर्यंत पुढच्या वायरसाठी रिकामा पाइप भिंतीतून टाकून ठेवावा.

झाकण्यापूर्वी आणि ताबा देताना

जे जे पुढे झाकले जाणार आहे त्याची तपासणी झाकण्यापूर्वी झाली पाहिजे: ओलरोधक थर, सळया, भिंतीतील पाइप आणि वायर, सांध्यांची भरणी, उष्णतारोधक थर. प्रत्येक टप्प्यावर मापनपट्टी शेजारी धरून छायाचित्रे काढावीत, आणि जाणकाराची सही झाल्याशिवाय पुढचा गट कामाला लावू नये, मग तीस स्वयंसेवक हातावर हात ठेवून वाट पाहत असले तरी चालेल. त्या दिवसासाठी ब्लॉक रचणे, वाळू चाळणे, झाडे लावणे अशी राखीव कामे तयार ठेवावीत.

ताबा देताना ही छायाचित्रे, रंगांची व सुट्या भागांची नावे, आणि ऋतुमानाप्रमाणे देखभालीची एक पानी यादी कुटुंबाच्या भाषेत लिहून द्यावी. तीत पन्हाळ साफ करणे, टाकी धुणे, लेप पुन्हा देणे आणि खिडक्यांचे सांधे तपासणे एवढे असले तरी पुरे. पहिल्या वर्षात गटाने तीनदा तरी त्या घरी जावे: पहिल्या मोठ्या पावसानंतर, सर्वांत कडक ऋतूच्या मध्यावर, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर. वर्षाची विजेची बिले कुटुंबाच्या संमतीने पाहून पुढच्या घराच्या आराखड्यासाठी नोंदवावीत. भिंतीला तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. पुढच्या भेटीत तडा रेघेपलीकडे गेलेला दिसला, तर लगेच अभियंत्याला बोलवावे आणि तो पाहून जाईपर्यंत त्यावर गिलावा करू नये.